प्रकाश-औष्णिक कर्करोगोपचार

अर्बुदात साठलेले अब्जांश कण लेसर किरणांनी तापवून कर्कपेशींचा नाश करण्याची प्रायोगिक उपचारपद्धती. फोटोथर्मल थेरपी या नावानेही ती ओळखली जाते. प्रकाशगतिकी उपचारात प्रकाशामुळे निर्माण झालेला क्रियाशील ऑक्सिजन पेशी मारतो. या पद्धतीत ते काम उष्णता करते.

तत्त्व : सुमारे ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश रक्तातील हीमोग्लोबिन व पाणी यांत कमी शोषला जातो. त्यामुळे तो ऊतकात काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर खोल पोहोचतो. सोन्याच्या कणावर तो पडला की धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन एकत्रितपणे आंदोलित होतात आणि शोषलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने भोवती पसरते. तापमान ५०° से.च्या वर गेल्यास प्रथिनांची रचना मोडून पेशी काही मिनिटांत मरतात. भरीव गोल सुवर्णकण मुख्यतः हिरवा प्रकाश शोषतात. म्हणून या उपचारासाठी दंडाकृती कण किंवा सोन्याची पातळ कवचे वापरतात. कार्बन नलिका, ग्राफीन ऑक्साइड व कॉपर सल्फाइड यांवरही प्रयोग झाले आहेत.

विकास : ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठात नेओमी हॅलस व जेनिफर वेस्ट यांच्या गटाने २००३ मध्ये सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचे कवच चढवलेले कण वापरून उंदरांतील अर्बुदे तापवून दाखवली. अशाच कणांची पुढे पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर चाचणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १६ पैकी १५ रुग्णांवर हा उपचार पूर्ण करता आला.

महाराष्ट्रातील संशोधन : सोने शरीरात विघटित होत नाही, उपचारानंतर मोठे कण यकृत व प्लीहेत साठून राहतात. या अडचणीवर पवईच्या आयआयटी मुंबईतील रोहित श्रीवास्तव आणि टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक संस्थेतील अभिजित डे यांच्या गटांनी एकत्र काम केले. त्यांनी लायपोसोम या मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांवर सोन्याचा थर चढवला. हे कण यकृतपेशींत विघटित होऊन पित्त व मूत्र यांवाटे बाहेर पडतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले. ७५० नॅनोमीटरच्या लेसरने उंदरांतील अर्बुदे पूर्ण नष्ट झाली आणि उंदरांचा रोगमुक्त काळ वाढला. हे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘नॅनो लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मर्यादा : अर्बुदातील रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्याने कण तेथे शिरतात, पण २०१६ मधील एका व्यापक आढाव्यानुसार, प्राण्यांना टोचलेल्या मात्रेपैकी अर्बुदात पोहोचणाऱ्या भागाचे मध्यक प्रमाण केवळ ०.७ टक्के होते. खोलवरच्या अवयवांपर्यंत प्रकाश नेण्यासाठी प्रकाशीय तंतू घालावा लागतो. शरीरभर पसरलेल्या रोगावर एका जागी दिलेली उष्णता पुरत नाही. कमी तापलेल्या कडेच्या पेशी उष्माघात प्रथिने तयार करून तग धरू शकतात. त्यामुळे रसायनोपचार किंवा प्रतिरक्षा उपचारांच्या जोडीने ही पद्धत वापरण्याकडे संशोधनाचा कल आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार यांना ती अद्याप पर्याय ठरलेली नाही.