न मानणे आणि विरोध करणे

गणपतीच्या दिवसांत आमच्या घरी आरतीला झांज धरायचा मान धाकट्या काकांचा. काका देव मानत नसत आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. तरी मंत्रपुष्पांजलीपर्यंत त्यांचा ताल कधी चुकला नाही. आजीने हातावर ठेवलेला मोदक ते आवडीने खात. तिच्या श्रद्धेबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढले नाही. काका अश्रद्ध होते, श्रद्धेचे विरोधक नव्हते. आपण मात्र न मानणारा आणि विरोध करणारा, दोघांनाही सरसकट ‘नास्तिक’ म्हणतो आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते.

या शब्दाचा अर्थ काळाबरोबर सरकलेला आहे. मनुस्मृतीने नास्तिक म्हटले ते वेदांची निंदा करणाऱ्याला. त्यामुळे ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिकांत गणले गेले, तर चार्वाक, बौद्ध, जैन नास्तिकांत. म्हणजे जुन्या शब्दाच्या पोटात विरोध होता. आज त्यात केवळ विश्वासाचा अभाव उरला आहे.

प्रश्न मुळात दोन आहेत. ‘देव आहे का?’ हा अस्तित्वाचा प्रश्न. ‘लोकांनी देव मानणे चांगले का?’ हा इष्टानिष्टाचा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले म्हणून दुसऱ्याचेही तेच येईल असे मुळीच नाही. मीमांसक कुमारिल भट्टांचे उदाहरण घ्या. ‘श्लोकवार्तिका’त त्यांनी सृष्टिकर्त्या ईश्वराचे कठोर खंडन केले आहे. करुणेपोटी जग निर्माण केले म्हणावे, तर निर्मितीपूर्वी करुणा करावी असे प्राणीच कुठे होते, हा त्यांचा युक्तिवाद. पण हेच कुमारिल वैदिक यज्ञकर्माचे सर्वांत खंदे समर्थक. उलट टोकाला महात्मा फुले. सृष्टीचा निर्माता ‘निर्मिक’ आहे यावर त्यांची निष्ठा होती. तरीही २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापून त्यांनी निर्मिक आणि माणूस यांच्यामधला मध्यस्थ काढून टाकला आणि पुरोहिताशिवाय लग्ने लावून दाखवली. कर्मकांडाला आणि धर्मग्रंथांच्या अधिकाराला त्यांच्याइतका तिखट विरोध भल्याभल्या निरीश्वरवाद्यांनीही केलेला नाही. न मानणारा धर्माचा रक्षक असू शकतो आणि मानणारा कडवा विरोधक.

मग विरोधाला स्वतंत्र कारण द्यावे लागते. न मानणाऱ्याने ‘पुरावा पुरेसा नाही’ एवढे म्हटले की त्याचे काम संपते. विरोधकाला मात्र काहीतरी वाईट घडते आहे हे दाखवावे लागते, ते त्या श्रद्धेमुळेच घडते आहे हेही दाखवावे लागते. सर्पदंश झालेल्या मुलाला आरोग्य केंद्राऐवजी मांत्रिकाकडे नेतात, तिथे मंत्र आणि गंडेदोरे होईपर्यंत विष अंगात भिनते आणि प्रतिविष देण्याची वेळ टळून जाते. इथे कार्यकारणाची साखळी डोळ्यांसमोर आहे. माझ्या आजीच्या देवघरातल्या समईपाशी ती दाखवता येणार नाही.

हा वाद महाराष्ट्रात फार चांगल्या रीतीने झालेला आहे. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर एकाच व्यासपीठावरून तो जाहीरपणे करीत. दोघेही देव न मानणारे. लागूंचे म्हणणे, देव ही संकल्पना कालबाह्य झाली आहे, तिला आता निवृत्त करा. श्रद्धा आणि अंधश्रद्धा असा भेदच खोटा. दाभोलकर म्हणत, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाला नाही, धर्मालाही नाही; त्यांच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे. दाभोलकरांनी लोकभयाने पाऊल मागे घेतले असे काहींना वाटे. मला ते पटत नाही. लागू पहिल्या प्रश्नाचे उत्तर शेवटपर्यंत नेत होते, दाभोलकर दुसरा प्रश्न वेगळा ठेवत होते. समाजात काम करायचे तर दुसराच प्रश्न हाती घ्यावा लागतो.

हा भेद ध्यानात घेतला की एक वरवरची विसंगतीही उलगडते. २००० साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून समिती उभी राहिली, तेव्हा ‘तुम्हाला शनी मान्य नाही, मग चौथरा कशाला?’ असे विचारले गेले. पण मागणी दर्शनाची नव्हतीच, समान हक्काची होती. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला, तोही माणुसकीच्या हक्कासाठी.

विरोध कुठे नासतो, हेही सांगितले पाहिजे. तो श्रद्धेवरून श्रद्धाळू माणसावर सरकला की नासतो. सोव्हिएत रशियात १९२५ मध्ये लढाऊ निरीश्वरवाद्यांची संघटना उभी राहिली, तिच्यामागे राज्यसत्ता होती. ५ डिसेंबर १९३१ रोजी मॉस्कोतले ख्रिस्त तारणहाराचे भव्य चर्च सुरुंग लावून पाडले गेले. असंख्य धर्मगुरू छावण्यांत गेले, मारले गेले. सोव्हिएत सत्ता कोसळल्यावर तेच चर्च त्याच जागी पुन्हा बांधण्यात आले. माणसाला चिरडून त्याच्या मनातला विश्वास जात नाही.

याउलट, दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटले, तो त्यांच्या खुनानंतर, डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला. नरबळी, अघोरी उपाय, साप-विंचू चावल्यावर औषधोपचारापासून रोखणे हे त्यात गुन्हे आहेत. कोण काय मानतो, हे तो विचारत नाही. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू होणार नाही, असे त्याच कायद्यात स्वच्छ लिहिलेले आहे.