बुलढाणा जिल्ह्यातील समाधिस्थळे

मलकापूर हे नळगंगेकाठचे जुने बाजारगाव. खानदेशच्या राजघराण्यातील एका पुरुषाने आपल्या मुलीच्या, म्हणजे ‘मलिके’च्या, नावाने ते वसवले अशी आख्यायिका आहे. 1761 मध्ये लूट टळावी म्हणून गावाने रघुनाथरावाच्या फौजेला 60,000 रुपये मोजले, यावरून त्याची ऐपत कळते. जिल्ह्यातील नामवंतांच्या समाध्या एका आवारात नाहीत. त्या गावोगाव विखुरल्या आहेत.

मलकापूरहून रेल्वेने नांदुरा, जलंब ओलांडले की शेगाव. 23 फेब्रुवारी 1878 रोजी येथे प्रथम दिसलेल्या गजानन महाराजांनी 8 सप्टेंबर 1910 रोजी, ऋषिपंचमीला, समाधी घेतली. समाधी राममंदिराखालच्या भुयारात आहे. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास यात्रा भरते. तेथील नारळांची होळी सर्वश्रुत आहे. सर्व धर्मांचे लोक येतात.

ऐतिहासिक महत्त्व सर्वांत अधिक सिंदखेडराजाचे. जिजाबाईंचे वडील लखुजीराव जाधव येथले देशमुख. काही काळ मोगलांकडे राहून ते निजामशाहीत परतले. पण 25 जुलै 1629 रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, भर दरबारात, दगा होऊन मारले गेले. अचलोजी व राघोजी हे मुलगे आणि नातू यशवंतराव त्यांच्यासोबतच पडले. एका दिवसात घरातल्या तीन पिढ्यांवर वार झाला. मृत्यू देवगिरीला आणि समाधी वतनाच्या गावी, असा हा प्रकार आहे. घुमटाची ही भव्य दगडी वास्तू एखाद्या देवळासारखी भासते.

या समाधीच्या परिसरात 2024 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जतनकाम चालू होते. खाली घडीव दगड लागले म्हणून खणत गेले, तर शिवमंदिराचा सभामंडप निघाला. जून महिन्यात सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर आधी लक्ष्मी दिसली, मग तिच्यासह सबंध शेषशायी विष्णू. मूर्ती 1.70 मीटर लांब व सुमारे एक मीटर उंच असून क्लोराइट शिस्ट दगडातील आहे. लक्ष्मी पाय चेपते आहे आणि मूर्तीच्या पट्टीवर समुद्रमंथनातला घोडा आणि ऐरावतही ओळखू येतात. सतराव्या शतकातील समाधीशेजारी तिच्याहून जुने देऊळ गाडलेले होते, हे तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

  

जिजाऊंच्या जयंतीला, 12 जानेवारीस, सिंदखेडराजात लाखोंची गर्दी लोटते. तिचा ओघ लखुजीरावांच्या राजवाड्याकडे असतो; त्या मानाने त्यांच्या समाधीची उपेक्षाच होते. येथे येण्यास सोयीचे रेल्वेस्थानक जालना.