समुपदेशनातील अफर्मेशन : ‘माझंच चुकलं’ ही भावना कशी सैल होते?

अफर्मेशन म्हणजे समोरच्या व्यक्तीचे प्रयत्न, बळ किंवा मूल्ये नेमक्या शब्दांत ओळखून तिला सांगणे. सोप्या मराठीत, तिने जे निभावले त्याची पावती देणे.

स्व-कलंक म्हणजे काय?

लोकांचे टोमणे आणि गैरसमज माणूस स्वतःबद्दल खरे मानू लागतो, तेव्हा त्याला स्व-कलंक म्हणतात. लैंगिक अत्याचार, घरातील मारहाण किंवा घरच्या माणसाची आत्महत्या अशा आघातानंतर ‘दोष माझाच’ असे वाटत राहते. मग माणूस गप्प होतो, मदत टाळतो आणि बरे होणे लांबते.

अफर्मेशन कसे देतात?

विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांच्या ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ या पद्धतीत अफर्मेशन हे एक मूलभूत कौशल्य आहे. कौतुक आणि अफर्मेशन यांत फरक आहे. ‘तुम्ही खूप धीट आहात’ हा समुपदेशकाचा शेरा झाला. ‘रात्रभर झोप नसतानाही सकाळी मुलांचे डबे केलेत आणि आज इथवर आलात’ ही घडलेली गोष्ट आहे. ती नाकारता येत नाही. अशा नोंदींतून ‘मी कुचकामी आहे’ या समजाला तडा जातो.

सावधगिरी कुठे हवी?

आरशासमोर गोड वाक्ये घोकणे म्हणजे हे तंत्र नव्हे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या 2009 मधील अभ्यासात, स्वतःबद्दल कमी आदर असलेल्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे वाक्य म्हणून उलट वाईट वाटले. ‘तुम्ही सहन केलेत’ असे सहनशक्तीचे गोडवे गाऊन अत्याचार झाकू नये. तीव्र लक्षणे असल्यास मानसोपचारतज्ज्ञांचे उपचारही लागतात.

मदत कुठे मिळते?

गावात ‘कोणी पाहील’ ही भीती मोठी असते. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर गोंदियालगतच्या मुर्रीतूनही घरबसल्या, कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. बलात्कार व अॅसिड हल्ला पीडितांसाठी राज्याच्या ‘मनोधैर्य’ योजनेत 2013 पासून अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशनाचीही तरतूद आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाणे हा रुग्णाचा हक्क आहे.