परदेशी शैक्षणिक कर्ज थकले आणि कर्जदार मायदेशी परतला तर : कायदा काय सांगतो

बंगळुरू : परदेशातील शिक्षणासाठी तेथेच घेतलेले कर्ज फेडण्यापूर्वी नोकरी गेली किंवा व्हिसाची मुदत संपली आणि कर्जदार मायदेशी परतला, तर त्या कर्जाचे काय होते? दक्षिण बंगळुरूतील जे. पी. नगरसारख्या वसाहतींमध्ये, जेथे मुले परदेशी शिकावयास जाणे नवलाईचे राहिलेले नाही, हा प्रश्न सहसा बंद दाराआड चर्चिला जातो. त्याविषयीचे दोन समज सर्रास आढळतात. पहिला, सीमा ओलांडली की कर्ज सुटले. दुसरा, विमानतळावर उतरताच अटक होते. भारतीय कायद्याला दोन्ही मान्य नाहीत.

कर्ज कोणाकडून घेतले, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. अमेरिकेतील संघराज्य सरकारची शैक्षणिक कर्जे तेथील नागरिकांना आणि स्थायी रहिवाशांसारख्या काही पात्र परदेशी व्यक्तींना मिळतात; विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना ती मिळत नाहीत. त्यांच्यापुढे तीन वाटा उरतात. एक भारतीय बँकेची. दुसरी अमेरिकी खासगी बँकेची. ती बहुधा तेथील नागरिक किंवा स्थायी रहिवासी असलेला सहकर्जदार मागते. तिसरी लंडनची प्रॉडिजी फायनान्स किंवा वॉशिंग्टनची एमपॉवर फायनान्सिंग यांसारख्या संस्थांची. त्या तारण व जामीनदार न घेता विद्यार्थ्याच्या भावी कमाईच्या भरवशावर कर्ज देतात.

परदेशी सावकाराने तेथील न्यायालयात दावा जिंकला, तरी तो हुकूमनामा बंगळुरूत आपोआप लागू होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ४४अ नुसार, केंद्र सरकारने ‘परस्पर व्यवहाराचा प्रदेश’ म्हणून अधिसूचित केलेल्या देशांतील वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे भारतातील जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीसाठी दाखल करता येतात. ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग, न्यूझीलंड आणि जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिराती त्या यादीत आहेत. अमेरिका, कॅनडा व जर्मनी नाहीत. म्हणजे लंडनच्या हाय कोर्टाचा हुकूमनामा थेट दरखास्तीच्या रूपाने येऊ शकतो. न्यूयॉर्कच्या न्यायालयाचा निकाल हाती असलेल्या सावकाराला मात्र त्या निकालाच्या आधारे येथे नवा दावा लावावा लागतो. त्यासाठी मुदत कायद्याने निकालाच्या तारखेपासून तीन वर्षे दिली आहेत.

या मुदतीच्या प्रश्नावरील सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल बंगळुरूतूनच गेलेल्या प्रकरणात लागला, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. बँक ऑफ बडोदाने व्हैश्य बँकेविरुद्ध लंडनमध्ये १९९५ साली हुकूमनामा मिळवला. त्याची दरखास्त बंगळुरूच्या दिवाणी न्यायालयात दाखल झाली ती २००९ मध्ये. तोवर व्हैश्य बँक आयएनजी व्हैश्य झाली होती. पुढे ती कोटक महिंद्रा बँकेत विलीन झाली. बंगळुरूच्या न्यायालयाने दरखास्त मुदतबाह्य ठरवली, कर्नाटक उच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला आणि १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. हुकूमनामा ज्या देशात झाला तेथील मुदत लागू होईल आणि इंग्लंडची ती मुदत सहा वर्षांची आहे, असे न्यायालयाने सांगितले. भारतातील हुकूमनाम्याला मिळणारी बारा वर्षे परदेशी हुकूमनाम्याला मिळणार नाहीत. वाद दोन बँकांमधला होता. परंतु परदेशी निकाल हाती असलेल्या कोणत्याही सावकाराला हे गणित लागू पडते.

संहितेच्या कलम १३ मधील सहा अपवाद कर्जदाराच्या बचावाचे खरे आधार आहेत. निकाल देणाऱ्या न्यायालयाला अधिकारक्षेत्र नसणे, निकाल गुणवत्तेवर दिलेला नसणे, नैसर्गिक न्यायाचा भंग, फसवणूक हे त्यांपैकी प्रमुख. थकीत कर्जाचे दावे पुष्कळदा एकतर्फी निकालात निघतात, कारण कर्जदार हजरच होत नाही. २००१ च्या इंटरनॅशनल वूलन मिल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पुरावा न तपासता, केवळ प्रतिवादी आला नाही म्हणून दिलेला परदेशी हुकूमनामा गुणवत्तेवरचा मानता येणार नाही. मात्र पुरावा घेऊन दिलेला एकतर्फी निकाल टिकतो. त्यामुळे कुरिअर परत पाठवण्याचा घरगुती उपाय दुधारी आहे. नोटीस घेतली नाही म्हणून दावा थांबत नाही. पण व्याजाचा दर, दंड, कराराची वैधता यांवर म्हणणे मांडण्याची संधी मात्र हुकते.

हुकूमनामा अंमलात आला तरी वसुलीला मर्यादा आहेत. पगाराच्या जप्तीत पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सोडावे लागतात. त्याच हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती एकूण चोवीस महिन्यांपलीकडे चालत नाही. भविष्यनिर्वाह निधीला हात लावता येत नाही. आईवडिलांनी करारावर सही केली नसेल, तर त्यांचे घर मुलाच्या कर्जासाठी जप्त होत नाही. वारशाने ते मुलाच्या नावावर आले की परिस्थिती बदलते. दिवाणी तुरुंगवासाची तरतूद कायद्यात आहे खरी, पण १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी तिला वेसण घातली : ऐपत असूनही दुष्ट हेतूने न देणारा आणि देऊच न शकणारा, यांत फरक केलाच पाहिजे. केवळ हप्ते थकणे हा गुन्हा नव्हे.

झळ पोहोचते ती बहुधा दुसऱ्याच घरी. न्यू जर्सीतील मामाने किंवा टेक्सासमधील चुलत बहिणीने सहकर्जदार म्हणून सही केली असेल, तर अमेरिकी बँकेला बंगळुरूपर्यंत येण्याची गरजच पडत नाही. ती त्यांच्याकडे जाते आणि थकबाकीची नोंद त्यांच्या पतअहवालात सात वर्षे राहते. दिवाळखोरीने सुटका होईल, हेही गृहीत धरता येत नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर तेथील बहुतेक खासगी शैक्षणिक कर्जेही ‘असह्य हालअपेष्टा’ सिद्ध केल्याखेरीज माफ होत नाहीत. कर्जाच्या कागदांपेक्षा नात्यातील हा ताण अधिक काळ टिकतो.

उलट दिशेचे प्रकरण अधिक कठोर आहे. मुलगा परदेशात, कर्ज भारतीय बँकेचे आणि जे. पी. नगरातील घर तारण. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत साडेसात लाख रुपयांवरील कर्जाला तारण लागते आणि पालक सहकर्जदार असतात. बंगळुरूत ‘अ’ खाते असलेली मालमत्ता तारणासाठी सहज स्वीकारली जाते, ‘ब’ खात्याच्या घराला बँका नाके मुरडतात. त्यामुळे ज्यांची कागदपत्रे चोख, त्यांचीच घरे गहाण पडतात. नव्वद दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन बँक न्यायालयात न जाता घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्यास पंचेचाळीस दिवस मिळतात. परदेशात राहून मुदत संपण्याची वाट पाहणेही व्यर्थ आहे, कारण मुदत कायद्याच्या कलम १५ नुसार प्रतिवादी भारताबाहेर असल्याचा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. एक दिलासा मुंबईतून आला. सार्वजनिक बँकांच्या प्रमुखांना कर्जदाराविरुद्ध ‘लुकआउट’ परिपत्रक मागण्याचा दिलेला अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०२४ रोजी रद्दबातल ठरवला.

तडजोड करावयाची झाल्यास काळ कर्जदाराच्या बाजूने नसतो. २०१४ च्या मध्यास डॉलर सुमारे साठ रुपये होता, २०२४ अखेरीस सुमारे पंचाऐंशी. पन्नास हजार डॉलरचे मुद्दल व्याज न धरताही तीस लाखांवरून साडेबेचाळीस लाखांवर गेले, आणि पगार रुपयांत. दुसरीकडे, मुदत संपण्याआधी कर्जाची लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली, तर भारतीय कायद्यानुसार मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून सावकाराशी पत्रव्यवहार वकिलाच्या नजरेखालून जाणे हिताचे. प्रथम थकबाकीचा तपशीलवार उतारा आणि कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले असल्यास हस्तांतराचा कागद मागावा. रक्कम ठरल्यावर ती ‘पूर्ण व अंतिम’ असल्याचे पत्र पैसे पाठवण्यापूर्वी हाती घ्यावे. भारतीय पतअहवालात ‘तडजोडीने मिटले’ आणि ‘पूर्ण फेडले’ या नोंदी वेगळ्या असतात; पुढचे गृहकर्ज मागताना हा फरक जाणवतो.

वसुली प्रतिनिधींबाबत रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करण्यास मनाई केली आहे. ते बंधन रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील संस्थांवर आहे. भारतात नोंदणी नसलेल्या परदेशी सावकाराच्या वतीने कोणी धमकावत असेल, तर तक्रारीची जागा पोलीस ठाणे आहे आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ त्यासाठी उपलब्ध आहे.