अजिंठ्याची चढण आणि मोजणीतून सुटलेली माणसे

अजिंठ्याची लेणी पाहायला गेलेल्या प्रत्येकाने तिथली डोली पाहिली असेल. एक साधी खुर्ची, तिला दोन्ही अंगांनी बांधलेले लांब दांडे आणि ते खांद्यावर घेणारे चार जण. वय झालेले, गुडघ्यांनी बेजार झालेले किंवा पायाने अधू असलेले प्रवासी तिच्यात बसतात. डोलीवाले आसपासच्या गावांतले. उन्हातान्हात ते माणसाला सांभाळून वर नेतात, लेण्यामागून लेणे दाखवतात आणि खाली आणून सोडतात. त्यांच्या कष्टाबद्दल वाईट बोलण्याचे कारण नाही. पण डोलीत बसलेल्याला विचारा. कुठल्या चित्रापुढे किती वेळ थांबायचे, मागे वळून एखादे लेणे पुन्हा पाहायचे की नाही, हे त्याच्या हाती उरत नाही. चौघांचा खांदा दुखत असताना 'जरा थांबा' म्हणायचा संकोच वाटतो. आणि ज्याच्या खिशात डोलीचे पैसे नाहीत, त्याला खालीच बसून घरच्यांची वाट पाहावी लागते.

ही चढण पाहून बरेच जण म्हणतात, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांना कोण काय करणार? डोंगरात कोरलेली ती, तिथे पायऱ्या असायच्याच. हे म्हणणे तपासून पाहण्यासारखे आहे.

वाघोरा नदी जिथे घोड्याच्या नालेसारखे वळण घेते, तिथल्या कड्यात ही तीस लेणी कोरली आहेत. नदीच्या पात्रापासून कुठे पस्तीस फूट, तर कुठे शंभर फुटांहून अधिक उंचीवर ती आहेत. मूळ रचनेत एका लेण्यातून दुसऱ्यात जाणारी आजच्यासारखी सलग वाट नव्हती. प्रत्येक लेण्याचा स्वतंत्र जिना थेट नदीत उतरत असे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात सोळावे लेणे करवून घेतले. त्याच्या पायथ्याशी दोन हत्ती कोरलेले प्रवेशद्वार आजही दिसते, ते अशाच वाटेवरचे. बाकीचे बहुतेक जिने पडझडीत गेले. आपण आज ज्या वाटेने पहिल्या लेण्यापासून शेवटच्या लेण्यापर्यंत चालत जातो ती अलीकडच्या काळातली, प्रवाशांच्या सोयीसाठी केलेली आहे. म्हणजे वाकाटकांनी कोरलेल्या दगडाला हात लावता येत नाही हे खरे, पण पायवाट ही वाकाटकांची नव्हे. ती आपण बांधली. बांधताना आपल्या डोळ्यांपुढे दोन पायांवर चालणारा, दोन डोळ्यांनी पाहणारा प्रवासीच होता.

खुद्द लेण्यांच्या भिंतींवर मात्र अधू माणसांचा विसर पडलेला नाही. दहाव्या आणि सतराव्या लेण्यात श्याम जातकाची कथा रंगवली आहे. आंधळ्या आईबापांची सेवा करणारा श्याम पाणी आणायला जातो आणि राजाच्या बाणाने घायाळ होतो. आपल्या श्रावणबाळाची ही बहीणकथाच म्हणायची. सतराव्या लेण्यात आंधळ्या आईसाठी अन्नपाणी सोडणाऱ्या हत्तीचेही जातक आहे. या कथांत आंधळ्यांबद्दल करुणा ओतप्रोत भरली आहे. पण त्यांची सगळी भिस्त मुलावर आहे. मूल नसेल तर काय, या प्रश्नाला कथेत जागा नाही. आपल्या समाजानेही पुष्कळ काळ हेच उत्तर मानले. ज्याला श्रावण आहे त्याची यात्रा घडली, ज्याला नाही त्याची राहिली.

मग विसाव्या शतकाच्या शेवटी अजिंठ्याला परदेशातून पैसा आला. १९८३ मध्ये युनेस्कोने अजिंठा आणि वेरूळ ही जागतिक वारशाची स्थळे म्हणून जाहीर केली होती. त्यानंतर जपान सरकारच्या आर्थिक सहकार्याने 'अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्प' आखला गेला. पहिल्या टप्प्याचा करार १९९२ मध्ये झाला. दुसऱ्या टप्प्याचा मार्च २००३ मध्ये झाला आणि त्याची रक्कम सुमारे ७३३ कोटी येन होती. लेण्यांचे जतन, रस्ते, विमानतळ, पाणीपुरवठा, वनीकरण, प्रवाशांसाठी माहिती केंद्रे अशी त्यातली कामे. लेण्यांच्या पायथ्याशी होणारी वाहनांची गर्दी आणि धूर थांबावा म्हणून फर्दापूरच्या तिठ्यावर गाड्या थांबवून पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने न्यायची पद्धत सुरू झाली. चित्रांच्या दृष्टीने हे फार चांगले झाले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हा पैसा कर्जाचा होता. मुदत लांबची, व्याज कमी, पण फेडायचा तो आपल्या सरकारी तिजोरीतून. त्या तिजोरीत साबण विकत घेणारा आंधळा माणूसही कर भरतो आणि कुबड्या घेऊन दुकान चालवणारी बाईही भरते. त्यामुळे अशा योजनेतून आपल्याला काय मिळाले, हे विचारणे म्हणजे कोणापुढे पदर पसरणे नव्हे. तो हिशेब मागणे आहे.

हा हिशेब मागताना १९९२ साल पाहा. त्याच्या आदल्याच वर्षी देशाची जनगणना झाली होती, आणि १९९१ च्या त्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्नच नव्हता. १९८१ मध्ये तो थोडक्यात विचारला होता, पुढच्या खेपेला गळला. देशात किती माणसे अपंग आहेत हे ताज्या जनगणनेतून सांगता येत नाही, अशा वेळी पहिला करार झाला. रस्त्याचा आराखडा करणारा अभियंता वाहने मोजतो, पाण्याची योजना करणारा डोकी मोजतो. जी माणसे कागदावरच नाहीत, त्यांच्यासाठी उतार कोण काढणार? यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. पण परिणाम व्हायचा तोच होतो.

दुसऱ्या कराराच्या वेळी मात्र ही सबब उरली नव्हती. मधल्या दहा वर्षांत पुष्कळ पाणी वाहून गेले होते. १९९३ ते २००२ हे आशिया आणि पॅसिफिक देशांनी अपंगांचे दशक म्हणून पाळले. आपल्याकडे १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला. सार्वजनिक इमारतींना उतार असावा, स्वच्छतागृहे चाकाच्या खुर्चीला सोयीची असावीत, लिफ्टमध्ये ब्रेल चिन्हे असावीत, हे त्यात लिहिले गेले. मात्र 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पळवाटही तिथेच ठेवली होती. २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न परत आला आणि २ कोटी १९ लाख माणसांची नोंद झाली. दशक संपताना, ऑक्टोबर २००२ मध्ये, जपानमधल्या बिवा सरोवराकाठच्या ओत्सू शहरात या देशांची बैठक भरली. तिथे ठरलेल्या आराखड्याला बिवाको सहस्रक आराखडा म्हणतात. पायाभूत सुविधांना पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी सर्वांना वापरता येईल अशा रचनेचा विचार कर्ज देण्याच्या निकषांतच करावा, अशी अपेक्षा त्यात होती. बैठक जपानमध्ये झाली, आणि पाचच महिन्यांनी जपानच्याच पैशाने अजिंठ्याचा दुसरा करार झाला. आर्थिक क्षमतेची अडचण जिथे परदेशी कर्जाने सुटली होती, तिथे कायद्यातली पळवाटही लागू पडण्यासारखी नव्हती.

असे करणे शक्य होते का? होते. त्याच काळात दिल्लीची मेट्रोही जपानच्या कर्जातून उभी राहत होती. अपंगांच्या संघटनांनी आराखड्याचा पाठपुरावा केला, स्थानके स्वतः तपासली, चुका दाखवल्या. डिसेंबर २००२ मध्ये पहिली गाडी धावली तेव्हा लिफ्ट, उतार आणि आंधळ्यांना पायाने वाट कळावी म्हणून उंचवट्यांच्या फरशा हे सारे मेट्रोच्या रचनेचा भाग झाले होते. या फरशा मुळात जपानच्याच. सेइइची मियाके या गृहस्थाने त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरातल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसल्या.

मेट्रो नवी होती, जुन्या वास्तूंचे काय, असे कोणी म्हणेल. त्याचेही उत्तर तयार होते. जानेवारी २००१ मध्ये विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले. मुंबईतल्या परिषदेनंतर ते दिल्लीला गेले. जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच आवाज उठवला होता, की हॉकिंग यांना कुतुबमिनार, जंतरमंतर पाहता आले पाहिजे. पुरातत्त्व खात्याने तिथे लाकडी उतार केले आणि त्यांची चाकाची खुर्ची आत गेली. जुन्या दगडाला धक्का लागला नाही. पण त्या वेळी अबिदींचा खरा प्रश्न वेगळा होता. एका मोठ्या पाहुण्यासाठी जे काही दिवसांत होते, ते इथल्या माणसांसाठी इतकी वर्षे का झाले नाही?

अजिंठ्याला हा प्रश्न जास्तच लागू पडतो. इथला प्रवास म्हणजे एक साखळी आहे. संभाजीनगरहून सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता, तिठ्यावरची बस, तिकीटखिडकी, चढण, लेण्यांमधल्या पायऱ्या आणि शेवटी अंधारी दालने. रस्ता एका खात्याचा, बस दुसऱ्याची, लेणी तिसऱ्याची, माहिती केंद्र चौथ्याचे. प्रत्येकाने आपापली कडी पक्की केली, तरी बसची पायरी उंच असेल तर चाकाच्या खुर्चीला पुढचा सगळा रस्ता बंद. एक कडी तुटली की साखळी तुटली. म्हणून ही सोय अशा योजनांत शेवटी जोडून भागत नाही. पहिल्या बैठकीत, पहिल्या नकाशात तिला जागा लागते, आणि सगळी साखळी पाहणारा एक माणूस नेमावा लागतो. तो स्वतः अपंग असला तर अधिक बरे, कारण कोणती पायरी नडते हे त्याला नकाशा न पाहताही कळते.

बारीकसारीक गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या. चित्रे असलेल्या लेण्यांत जोडे काढून जावे लागते. पायात कॅलिपर किंवा जयपूर फूट असलेल्याने काय करायचे? चित्रांचे रंग टिकावेत म्हणून आत उजेड मंद ठेवतात, ते योग्यच आहे, पण अधू दृष्टीच्या माणसाला मग काहीच दिसत नाही. भिंतीला कोणी हात लावू नये हेही बरोबर, मग आंधळ्याने काय पाहायचे? या प्रश्नांचे एक उत्तर दुसऱ्या टप्प्यातून आले होते. पायथ्याच्या भव्य माहिती केंद्रात पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्याच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या. २०१३ मध्ये केंद्र सुरू झाले. सपाट जमिनीवर, भरपूर उजेडात, जिथे स्पर्शालाही बंदी असायचे कारण नाही, अशी ही जागा. ज्यांना वर जाता येत नाही त्यांच्यासाठी यापरती सोय नव्हती. पण काही वर्षांतच, २०१८ च्या सुमारास, वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी केंद्राला टाळे लागले. चालत्या-फिरत्या प्रवाशाचे त्यामुळे फारसे अडले नाही, तो खरी लेणी पाहून परतला. ज्याचा अजिंठा तेवढाच होता, त्याचा तोही गेला. परदेशी मदतीच्या योजना बांधकामाला पैसा देतात. पुढे दिवा कोण लावणार, हेही करारातच ठरलेले असावे, हा यातला दुसरा धडा.

दरम्यान जगाचा नियमही बदलला आहे. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ मध्ये झाला, भारताने तो २००७ मध्ये आणि जपानने २०१४ मध्ये मान्य केला. त्यातले तिसावे कलम राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांपर्यंत पोहोचण्याविषयी बोलते, तर बत्तिसावे सांगते की आंतरराष्ट्रीय सहकार्याचे विकासकार्यक्रम अपंगांना सामावून घेणारे असले पाहिजेत. ही दोन कलमे जणू अजिंठ्यासमोर उभे राहूनच लिहिली असावीत! आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले. सरकारी कागदात आता दिव्यांग हा शब्द आला. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांगांची नोंद आहे. मोजणीतून सुटलेली माणसे आता कागदावर आली आहेत.

पायवाटेच्या कडेने सुटा, काढता येणारा उतार जिथे बसेल तिथे बसवता येईल. चार-दोन लेणी जरी चाकाच्या खुर्चीने स्वतः जाऊन पाहता आली, तरी फार मोठी गोष्ट होईल. चाकाची खुर्ची ढकलायला आणि आंधळ्या प्रवाशाला चित्र समजावून सांगायला जाणत्या माणसांची गरज लागेल, ते काम डोलीवाल्यांइतके चांगले कोण करील? त्यांचा रोजगार जायचे कारण नाही, खांद्यावरचा भार तेवढा उतरेल. चित्रांचे बोलके वर्णन तयार करणे तर सर्वांत स्वस्त. नभोवाणीवर आपण दुसरे काय करतो? हे भाषण ऐकताना लेणी कोणाच्याच डोळ्यांपुढे नव्हती, तरी वाघोरेचे वळण आणि हत्तींचे दार तुम्हाला दिसलेच ना?

अजिंठ्यासाठी पुन्हा एखादी योजना होईल, पुन्हा कुठून तरी पैसा येईल. त्या दिवशी तिठ्यावर नकाशा पसरला जाईल, तेव्हा भोवती उभ्या असणाऱ्यांत एक चाकाची खुर्ची आणि एक पांढरी काठी असू द्या. चढण कुठून काढायची हे त्यांना आधी विचारा, सिमेंट नंतर कालवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)