बदकाचा पगार

हल्ली घरोघरी कोणीतरी स्पॅनिश शिकत असतं. पूर्वी बाजाची पेटी शिकत असत; शेजाऱ्यांना त्रास साधारण तेवढाच. शब्द लवकर पाठ होतात, आणि मग स्पॅनिश माणसाच्या रोजच्या बोलण्यातला एखादा वाक्प्रचार मांजरासारखा आडवा येतो. उदाहरणार्थ, 'पागार एल पातो'. 'पागार' म्हणजे पैसे देणे, 'पातो' म्हणजे बदक. बदकाचे पैसे देणे! अर्थ काय, तर दुसऱ्याच्या करणीचं खापर आपल्या डोक्यावर फुटणं. आपण याला 'चोर सोडून संन्याशाला फाशी' म्हणतो. तिकडे बिचारा बदकाच्या किमतीवर सुटतो, इकडे फासावर चढतो, एवढाच काय तो फरक.

अर्थात स्पॅनिश माणसालाही आपण काही कमी छळत नाही. 'कर्जदाराने बँकेच्या हातावर तुरी दिल्या' हे वाक्य त्याला कोश घेऊन वाचायला द्या. व्याजाची फेड धान्यरूपाने झाली असं समजून तो पावती फाडून देईल. वाक्प्रचार शब्दांत नसतोच मुळी. कोणी, कोणाला, कोणता तोंडवळा करून म्हटलं, त्यात तो असतो. त्यासाठी त्या माणसांत राहावं लागतं.

बदक सोडा, पण 'पागार' तुम्हाला ओळखीचा वाटला असेल. वाटायलाच हवा. महिनाअखेर आपण ज्याची चातकासारखी वाट बघतो, तो हाच. पोर्तुगीज भाषेतही शब्द तोच, आणि मराठीत तो पोर्तुगिजांकडूनच आला. गंमत बघा, त्यांच्याकडे तो 'देणे', आपल्याकडे मात्र घ्यायचा! नावेची रक्कम सरळ जमेला गेली, आणि आजवर एकाही ऑडिटरने हरकत घेतलेली नाही.

हे शब्द ज्या धक्क्यांवर उतरले त्यांतला एक आमच्या चौलचा. पोर्तुगिजांनी १५२१ साली इथे, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, किल्ला बांधायला घेतला. समोर कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगर; तो त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. त्या वेळी पोर्तुगालच्या गादीवर होता स्पेनचा राजा दुसरा फिलिप. १५८० पासून १६४० पर्यंत, साठ वर्षं, चौलच्या तटावरच्या पोर्तुगीज शिपायाचा धनी स्पॅनिश होता. पण कारभार आणि बोलणं पोर्तुगीजच राहिलं. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा मालक बदलला, पण काउंटरवरचा माणूस आणि त्याचं 'जरा थांबा' तेच राहिलं, तसलाच हा प्रकार.

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली. साहेब लोक गेले. जाताना चावी, लिलाव, पाव, घमेलं, पिंप असलं बरंच सामान मराठीच्या घरात राहिलं. कोणी परत मागायला आलं नाही. बदक मात्र ते घेऊन गेले! शब्द पाहुण्यासारखे राहतात. वाक्प्रचाराला घरची माणसं लागतात.

आणि घरची माणसं कोर्लईत होती. शिपाईगडी, इथल्या बायका, बाटलेले, राबायला आणलेले, अशा सगळ्यांच्या संसारातून तिथे एक बोली तयार झाली होती. तिचं नाव 'नॉ लिंग'. यातला 'नॉ' ऐकायला आमच्या काउंटरवरच्या इंग्रजी 'नो'सारखा, पण अर्थ नेमका उलटा: 'आपली'. आपली भाषा! जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञांनी तिच्यावर १९९६ साली अख्खं पुस्तक लिहिलं. आपण शेजारचे लोक मात्र कोर्लईला जातो ते किल्ला बघून मासे खायला.

पोर्तुगीजमध्ये एक झकास वाक्प्रचार आहे: 'जहाजं बघत राहणं'. हाती काही न लागता मागे उरणं, असा त्याचा अर्थ. अठराव्या शतकातल्या कोर्लईकरांना हा समजावून सांगायची गरजच नव्हती. किनाऱ्यावर उभं राहिलं की झालं. राजा गेला, व्यापार गेला, चौल बंदराची रया गेली. धर्म वेगळा म्हणून सोयरिकी आपसांत, आणि आपसांत म्हणून भाषाही आपसांत राहिली. शाळा नाही, कचेरी नाही, तिच्यावर कुणाला नोकरी नाही. तरी अडीचशेहून अधिक वर्षं आया मुलांना तिच्यातच रागावत आल्या. आज ती बोलणारे हजाराच्या आसपास आहेत, आणि मुलांना मार्क मिळतात ते मराठीचे. ती पुढे किती टिकेल, याचा हिशेब करायला मला तरी हात उचलत नाही.

क्लासची फी भरून स्पॅनिश शिकणाऱ्यांनी एकदा रेवदंड्याचा पूल ओलांडून तिकडे जावं. कोपऱ्यात बसून बोलणं ऐकावं. शब्द मधूनमधून ओळखीचे वाटतील, पण वाक्य कळायला घाई करू नये. इतकी वर्षं मराठीच्या शेजारात राहून त्यांचं क्रियापदसुद्धा आपल्यासारखंच सगळ्यात शेवटी येतं.