तटस्थ दृष्टिकोन : विकिपीडियाचे धोरण आणि साधनांचा पेच

तटस्थ दृष्टिकोन हे विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाचे मूलभूत संपादकीय धोरण होय. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या या कोशात कोणालाही लेखन व दुरुस्ती करता येते. त्यामुळे मतभेद कसे हाताळावेत हा प्रश्न आरंभापासूनच होता. त्याला दिलेले उत्तर पुष्कळदा चुकीचे समजले जाते. तटस्थता म्हणजे दोन्ही बाजूंना समान जागा नव्हे, की अंतिम सत्याचा निवाडाही नव्हे. विश्वासार्ह प्रकाशित साधनांत एखाद्या मताला जितके वजन असेल तितकेच लेखात द्यावे आणि वादग्रस्त मत ज्याचे असेल त्याच्याच नावे मांडावे, एवढाच तिचा अर्थ. माहिती पडताळता येण्याजोगी असावी आणि लेखकाने स्वतःचे संशोधन घुसडू नये, ही दोन धोरणे तिच्याबरोबरच वाचावी लागतात.

साधनेच एकतर्फी असली की मात्र हे धोरण अडचणीत येते. सौदी अरेबियातील हुफूफ आणि त्याभोवतीचा अल-अहसा प्रदेश हे याचे बोलके उदाहरण. खजुरीच्या लाखो झाडांचे येथील मरूद्यान २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. दहाव्या-अकराव्या शतकांत याच परिसरात करामिता या इस्माइली शाखेचे राज्य होते. ९३० मध्ये त्यांनी मक्केवर हल्ला करून यात्रेकरूंची कत्तल केली आणि काबागृहातील काळा पाषाण उचलून नेला. तो सुमारे वीस वर्षांनी परत मिळाला. करामितांविषयीचे बहुतेक वृत्तान्त त्यांच्या विरोधकांनी लिहिले आहेत. १०५१ मध्ये येथे आलेला फारसी कवी व प्रवासी नासिर खुस्रो मात्र प्रजेकडून कर न घेणाऱ्या, गरजूंना बिनव्याजी पैसा देणाऱ्या आणि धान्य फुकट दळून देणाऱ्या राज्याचे वर्णन करतो. शेतांत राबणाऱ्या हजारो गुलामांचा उल्लेखही त्याच वर्णनात आहे, हे त्याचा दाखला देणारे सहसा विसरतात. दोन उताऱ्यांपैकी सोयीचा तेवढा उचलणे ही तटस्थता नव्हे. म्हणूनच मूळ साधनांपेक्षा त्यांची चिकित्सा करणाऱ्या आधुनिक इतिहासकारांचा आधार घ्यावा, असा विकिपीडियाचा आग्रह असतो.

मराठी वाचकाला हा पेच ओळखीचा आहे. छत्रपती संभाजी महाराजांविषयीची जुनी साधने बव्हंशी मोगल तवारिखा आणि उत्तरकालीन बखरी. त्यांतील प्रभावी बखर लिहिणाऱ्या मल्हार रामराव चिटणीसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांच्या आज्ञेने देहदंड झाला होता. वा. सी. बेंद्रे यांचा १९६० मधील चरित्रग्रंथ आणि त्यानंतर कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ यांनी हे चित्र पालटले. परंतु हे संशोधन मराठीत, छापील स्वरूपात आणि आंतरजालावर सहज न सापडणारे. इंग्रजी लेख लिहिणाऱ्यांच्या हाती इंग्रजी ग्रंथच आधी पडतात. मराठी साधने धोरणाने वर्ज्य नाहीत. ती तेथपर्यंत पोहोचत नाहीत, हे खरे दुखणे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट प्रदर्शित झाल्यावर याच इंग्रजी लेखातील मजकुरावरून वादळ उठले. मुख्यमंत्र्यांनी कारवाईचे आदेश दिले, महाराष्ट्र सायबर विभागाने मजकूर काढण्यासाठी विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवण्यात आला. मजकूर आक्षेपार्ह वाटणे समजण्याजोगे आहे. पण तो बदलण्याचा मार्ग लेखाच्या चर्चा पानावरून, बेंद्रे-गोखल्यांच्या पृष्ठक्रमांकांसह जातो. गुन्हा नोंदवल्याने लेखाखालची संदर्भसूची सुधारत नाही.

अरबी विकिपीडियावरील संघर्ष याहून गंभीर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतील संपादनाच्या चौकशीनंतर हितसंबंधांच्या कारणावरून १६ सदस्यांवर बंदी घातली. त्यानंतर दोन मानवाधिकार संघटनांनी सौदी शासनाने कोशात शिरकाव केल्याचा आरोप केला. फाउंडेशनने तो मान्य केला नाही. त्याच संघटनांनी २०२० पासून सौदी तुरुंगात असलेल्या दोन स्वयंसेवी संपादकांची प्रकरणे पुढे आणली. त्यांपैकी उसामा खालिद यांची शिक्षा अपिलात ३२ वर्षांपर्यंत वाढली होती. पुढे ती कमी करण्यात आली.

हुफूफ, दम्माम वा जुबैल येथे नोकरी करणाऱ्या मराठी माणसाने मराठी विकिपीडियावर, तिथल्या चावडीवर, कितीही सद्भावनेने लिहिले तरी तो राहतो त्या देशाचा कायदा त्याला लागू असतो. सौदी अरेबियाच्या २००७ च्या सायबर गुन्हे कायद्यात सार्वजनिक सुव्यवस्था वा धार्मिक मूल्यांना बाधक ठरवलेल्या मजकुरासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ३० लाख रियालपर्यंत दंड आहे. विकिपीडियावरील प्रत्येक संपादन वेळेसह आणि सदस्यनामासह लेखाच्या इतिहासात नोंदले जाते, आणि तटस्थतेचे धोरण पाळले हा कोणत्याही न्यायालयात आपोआप मान्य होणारा बचाव नाही.